सुवाह्य रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र

एक-दोन सैनिकांना वाहून नेता येणारे आणि डागल्यानंतरही दिशा बदलू शकणारे चिलखतभेदी अस्त्र. आरपीजी-७ सारखी दिशानियंत्रण नसलेली रॉकेटे या वर्गात येत नाहीत. या अस्त्राने रणगाड्याची सद्दी संपवली, असे १९७३ पासून वारंवार म्हटले गेले आहे. युद्धांचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. पायदळ आणि तोफखान्याची साथ सोडून पुढे गेलेला रणगाडाच त्याला सर्वांत सहज बळी पडतो.

भेदनाची क्रिया : वॉरहेडमधील स्फोटकाला पुढच्या बाजूने शंकूच्या आकाराची पोकळी असते आणि तिला बहुधा तांब्याचे अस्तर असते. स्फोट होताच ते अस्तर मिटते आणि त्यातून धातूची बारीक धार निघते. तिच्या टोकाचा वेग सेकंदाला ८ ते १० किमी.च्या घरात असतो. ही धार पोलाद वितळवत आत शिरते, हा समज चुकीचा आहे. तिच्या प्रचंड दाबाने पोलाद द्रवासारखे बाजूला सरते. भेदनक्षमता क्षेपणास्त्राच्या वेगावर नव्हे, तर मुख्यतः वॉरहेडच्या व्यासावर आणि घडणीवर अवलंबून असते. त्यामुळेच सैनिकाला पेलणारे अस्त्र ४०-५० टनांच्या वाहनाला भारी पडू शकते.

१९७३ चा धडा : सोव्हिएत माल्युत्का सुमारे ११ किग्रॅ. वजनाचे होते आणि पेटीत घालून पाठीवरून नेता येई. मागे उलगडत जाणाऱ्या तारेतून, हातातल्या दांडीने, सैनिक ते थेट लक्ष्यापर्यंत हाकत नेई. ऑक्टोबर १९७३ मध्ये सुएझ कालवा ओलांडून आलेल्या इजिप्शियन पायदळाने ते मोठ्या संख्येने वापरले. त्याच्या टप्प्याबाहेर राहणारे जवळचे सुमारे ५०० मी. अंतर आरपीजी-७ ने राखले होते. पुरेशा पायदळाविना चाल करून गेलेल्या इस्रायली रणगाड्यांची पहिल्या काही दिवसांत जबर हानी झाली. पण ३ किमी. कापायला माल्युत्काला जवळजवळ अर्धे मिनिट लागे आणि तेवढा वेळ सैनिकाला नजर हलवता येत नसे. इस्रायली दलांनी ही उणीव लवकर हेरली. क्षेपणास्त्र सुटल्याची खूण दिसताच त्या जागेवर मशीनगन आणि तोफांचा मारा सुरू होई आणि रणगाडे जागा बदलत.

पुढच्या पिढीतील मिलान, कोंकुर्स किंवा लेसर शलाकेवरून जाणारे कोर्नेट यांत सैनिकाला फक्त नेम लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. त्यामुळे अचूकता कितीतरी वाढली. १९८७ मध्ये चाडच्या सैन्याने उघड्या टोयोटा गाड्यांवर मिलान बसवून लिबियाच्या चिलखती दलाचा फादा येथे पराभव केला. तेथे अस्त्राइतकेच महत्त्व हालचालीच्या वेगाला होते.

प्रतिउपाय : दोन पत्र्यांमध्ये स्फोटक भरलेल्या पेट्या चिलखतावर बसवल्या, की उडणारे पत्रे ती धार विस्कटून टाकतात. १९८२ च्या लेबनॉन मोहिमेत इस्रायलने असे स्फोटक चिलखत प्रत्यक्ष लढाईत वापरले. त्यावर तोड म्हणून एकामागे एक अशी दोन वॉरहेडे आली. पहिले पेटी उडवते, दुसरे मूळ चिलखत भेदते. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये हिजबुल्लाहच्या कोर्नेटने मेर्काव्हा रणगाड्यांचे नुकसान केले. त्यानंतर इस्रायलने ट्रॉफी या सक्रिय संरक्षण प्रणालीच्या तैनातीला वेग दिला. रडारने क्षेपणास्त्र हेरून ते वाटेतच निकामी करणाऱ्या या प्रणालीने २०११ मध्ये गाझाच्या सीमेजवळ लढाईतला पहिला यशस्वी प्रतिकार नोंदवला.

अमेरिकी जॅव्हलिन (सुमारे २२ किग्रॅ.) लक्ष्याची उष्णप्रतिमा टिपते आणि सुटल्यावर स्वतःच मार्ग शोधते, त्यामुळे सैनिकाला लगेच आडोसा घेता येतो. ते उंच चढून रणगाड्याच्या छतावर कोसळते, आणि कोणत्याही रणगाड्याचे छत समोरच्या चिलखतापेक्षा फार पातळ असते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये जॅव्हलिन, ब्रिटनने पुरवलेले एनलॉ आणि स्थानिक स्तुग्ना-पी यांनी रस्त्यांवर अडकलेल्या रशियन तुकड्यांची दाणादाण उडवली. टी-७२ मध्ये तोफगोळे बुरुजाखाली चक्राकार रचलेले असतात. ते पेटले की बुरूजच उखडून फेकला जातो आणि आतले तिघेही वाचणे कठीण. दारूगोळा वेगळ्या कप्प्यात ठेवणाऱ्या एम-१ एब्रॅम्ससारख्या रणगाड्यात तसाच आघात वाहन निकामी करतो, पण माणसे बहुधा वाचतात. परिणामकारकता मोजताना हा फरक मिलिमीटरमधल्या भेदनक्षमतेपेक्षा अधिक बोलका आहे. त्याच युद्धात पुढे सुरुंग, तोफखाना आणि स्फोटक ड्रोन यांचा वाटा वाढत गेला.

भारत : मिलान आणि कोंकुर्स यांचे परवान्याखाली उत्पादन भारत डायनॅमिक्स लिमिटेडने केले. इस्रायली स्पाइकही सैन्याने घेतले आहे. डीआरडीओच्या स्वदेशी सुवाह्य क्षेपणास्त्राची चाचणी सप्टेंबर २०१८ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील लष्करी क्षेत्रात झाली, तर त्याच्या दुहेरी वॉरहेडच्या चाचण्या एप्रिल २०२४ मध्ये पोखरण येथे झाल्या.