रविकिरण मंडळ
पुणे येथे १९२३ मध्ये स्थापन झालेले कविमंडळ. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, वि. द. घाटे, श्री. बा. रानडे व मनोरमाबाई रानडे हे त्याचे प्रमुख सदस्य. बहुतेकांचा चरितार्थ नोकरीवर चाले. रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमून परस्परांच्या कविता ऐकणे व त्यांची चर्चा करणे, हा मंडळाचा परिपाठ होता. किरण (१९२३) हा त्यांचा पहिला संयुक्त संग्रह. एकाकी लिहिणाऱ्या कवीस मंडळाने श्रोता, टीकाकार व प्रकाशक एकाच ठिकाणी मिळवून दिला. काव्यगायनामुळे कविता सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचली. तथापि परस्परप्रशंसेचा आक्षेपही मंडळावर आला, प्र. के. अत्रे यांनी झेंडूची फुले (१९२५) मध्ये या कवींच्या रचनांचे विडंबन केले. प्रोत्साहनाने कवी घडतो. परंतु परखडपणा सुटल्यास तेच त्यास बाधते, हे या इतिहासावरून दिसते.