हलवा करणारे हात

मूठभर तीळ, दोन वाट्या साखर, चमचाभर दूध आणि शेगडीत राखेखाली झाकलेले चार निखारे. संक्रांतीच्या काटेरी हलव्याला याहून जास्त काही लागत नाही. मराठी घरांनी एकमेकांना दिलेल्या भेटींमध्ये इतकी स्वस्त आणि तरी इतक्या कष्टाची भेट मला दुसरी माहीत नाही. तिचा इतिहास सांगायचा तर साखरेचा सांगावा लागतो आणि ती साखर तासन् तास हाताखाली फिरवणाऱ्या बायकांचाही. साखरेचा इतिहास कारखान्यांच्या नोंदींत सापडतो. बायकांचा मी वाईच्या आमच्या घरात पाहिला.

संक्रांतीला तीळ द्यावेत हे फार जुनं. तिळाने स्नान, तिळाचं उटणं, तिळाचा होम, तिळाचं तर्पण, तिळाचं भक्षण आणि तिळाचं दान, असे तिळाचे सहा उपयोग धर्मशास्त्राने या दिवसासाठी सांगितले. त्यातली खाण्याची आणि देण्याची रीत घराघरांत टिकली. पौषातल्या थंडीत अंगाला तेल हवं असतं आणि तिळाच्या दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. नवा गूळ याच दिवसांत गुऱ्हाळातून निघतो. तीळ रानातले, गूळ गुऱ्हाळातला. शेतकऱ्याच्या घरी तिळगुळाला पदरचा पैसा फारसा मोडावा लागत नसे.

वाणाचंही तसंच. सुगडात काय असायचं ते पाहा : हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजराचे तुकडे, उसाची करवं, गव्हाची ओंबी, वर चिमूटभर तीळ. सुगडं कुंभाराकडून यायची आणि त्याचा मोबदला सुगीला बलुत्याच्या धान्यातून जायचा. बायका एकमेकींना देत होत्या ते त्या आठवड्यात शिवारात जे पिकलं होतं ते. पंढरपुरात रुक्मिणीच्या देवळात संक्रांतीला आजही बायकांची रीघ लागते, ती हाच वाणवसा द्यायला.

हलवा मात्र साखरेचा, आणि साखर विकत आणावी लागे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे मॉरिशसहून मोरस साखर येई, पुढे जावा बेटावरून. सोवळ्यातल्या घरांना ती चालत नसे. १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट आली आणि कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. १९३२ साली सरकारने देशी साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण दिलं, तेव्हा इथले कारखाने भराभर वाढले. नगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या अखेरीस तिथे साखर निघू लागली. पुढे कृष्णाकाठी आमच्या भुईंजलाही कारखान्याची चिमणी दिसू लागली. हलव्याचं ताट मोठं होत गेलं ते या साखरेमुळे. त्याआधी तो पांढरपेशांच्या घरातला, जपून करायचा पदार्थ होता.

आमच्या घरात हलवा करायची ती आत्याआजी, माझ्या आजोबांची धाकटी बहीण. तिचं लग्न पाळण्यातून बाहेर येताच झाल्यासारखं लवकर झालं आणि सासरी नांदायला जायच्या आधीच नवरा गेला. ती माहेरी राहिली, लाल आलवणात, डोक्यावरून पदर घेऊन. मी तिला पाहिलं ते तिच्या उतारवयात, १९६०च्या आसपास. मार्गशीर्ष सरत आला की ती माळ्यावरून कल्हईची पितळी परात काढायला लावायची, आणि तिथून संक्रांतीपर्यंत पहाटेचे तास त्या परातीचे.

साखरेत ती बुडेल इतकंच पाणी घालून पाक चढवायचा. उकळी आली की चमचाभर दूध सोडायचं म्हणजे मळी वर येते. ती काढून टाकली की पाक आरशासारखा नितळ होतो. एकतारीच्या अलीकडे तो उतरवायचा. परातीत पांढरे तीळ, खाली अगदी मंद धग. पाकाचा एक छोटा चमचा तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ गोल फिरवत राहायचं, ते कोरडे होईपर्यंत. मग दुसरा चमचा. बोटं पोळत, पण हात थांबला तर दाणे एकमेकांना चिकटत. पहिल्या दिवशी तिळावर नुसता पांढरा लेप दिसे. रात्री परात धूत वस्त्राने झाकून ठेवायची, दुसऱ्या पहाटे पुन्हा बसायचं. दोन-तीन दिवसांनी दाण्याला टोकं फुटू लागत. आभाळ आलं, हवा दमट झाली की काटा बसून जाई, म्हणून आत्याआजी उठल्याबरोबर आधी अंगणात जाऊन आभाळ बघायची. मी शेजारी बसून भराभर चमचे ओतायला लागले की म्हणायची, "पोरी, घाई केलीस तर साखर गुळगुळीत बसते. काटा यायला तिला सुकायला वेळ द्यावा लागतो."

हलवा नुसत्या तिळाचा नसे. खसखशीचा बारीक, साबुदाण्याचा टपोरा, शेवयांचे तुकडे घोळवून केलेला लांबट, लवंगेचा, भोपळ्याच्या बियांचा. हे प्रकार दागिन्यांसाठी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी मढवायचं, जावयाला हलव्याचा हार आणि नारळ द्यायचा, आणि बोरन्हाणाला तान्ह्या बाळाला काळं झबलं घालून मुकुट, बाजूबंद, हातात हलव्याची बासरी. घरात सोनं असो वा नसो, त्या एका संध्याकाळी प्रत्येक सून थुशी, चिंचपेटी, तन्मणी, तोडे, वाक्या, नथ असा पूर्ण साज घालू शकत होती. गरिबाघरच्या पोरीलाही हा साज मिळत होता, ही मला या चालीतली फार मोठी गोष्ट वाटते.

तो साज गुंफणं हे स्वतंत्र कसब. हलव्याच्या दाण्यात सुई जात नाही, जोर केला तर दाणा फुटतो. आत्याआजी दोऱ्याचा फास करून तो दाण्याभोवती आवळायची. काट्यांमध्ये दोरा बसला की निसटत नसे. थुशीला खसखशीचे दाणे, तन्मण्याच्या पदकाला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर मधोमध केशरात रंगवलेला एक मोठा दाणा. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली. मुंबईत तर १९४३ पासून रेशनिंगच सुरू झालं. त्या वर्षांबद्दल ती सांगायची की दिवाळीची साखर वाचवून ठेवत, आणि तिळाऐवजी साबुदाणा जास्त घेत, कारण दाणा मुळात मोठा असला की थोड्या पाकात भरलेला दिसतो. दागिने तेव्हा एकपदरी झाले, पण कुणा सुनेची पहिली संक्रांत तिने कोरडी जाऊ दिली नाही.

हलवा गावाबाहेरही जायचा. छापील भेटपत्राच्या घडीत चिमूटभर हलवा घालून पाकिटं बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला नातेवाइकांना पोस्टाने रवाना व्हायची, आणि तिकडूनही यायची. पाकीट उघडलं की निम्म्या दाण्यांचा भुगा झालेला असे. तो भुगासुद्धा आम्ही मुलं हातावर घेऊन वाटून खात असू, कारण तो तिकडच्या काकूच्या हातचा असे.

आता या इतिहासाची जी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगते. दागिने आत्याआजीने गुंफलेले, पण सुनेच्या अंगावर ते घालायला सवाष्णच लागायची. संध्याकाळी पुढच्या सोप्यावर हळदीकुंकू चाले, अत्तरदाणी, गुलाबदाणी, वाणांची ताटं फिरत, आणि ती मागच्या स्वयंपाकघरात असे. महिनाभर जिने बोटं पोळली तिला वाण नव्हतं. हे आमच्याच घरात होतं असं नाही. शेकडो घरांत विधवा आत्या, मावश्या, मोठ्या जावा सणाचं सगळं करत आणि सणाला मात्र बाजूला राहत. त्यांच्याकडे वेळ आहे असं घर गृहीत धरत असे, आणि घरच्या भेटी स्वस्त पडत त्या त्यांच्या वेळाची किंमत कुणी मोजत नसे म्हणून.

दुसरी वाट नव्हती असंही नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. १९०१ साली स्वतः विधवा झालेल्या रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. आत्याआजीच्या बरोबरीच्या कितीतरी बायका तिथे शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. वाईहून पुणं काही लांब नव्हतं. तिला कुणी पाठवलं नाही.

संक्रांतीच्याच दिवशी दुसरी एक भेट मात्र तिला नाकारली जात नसे, ती म्हणजे तिळगूळ. त्याला सवाष्ण लागत नाही, जात लागत नाही, बाई की पुरुष हेही कुणी विचारत नाही. संध्याकाळी आळीतली मुलं घरोघर जात, थोरांना वाकून नमस्कार करत, आणि वर्षभर अबोला धरलेली माणसंही हातावर तिळगूळ ठेवत. आत्याआजीला नमस्कार करायला सबंध आळी येई. एकाच सणात दोन चाली शेजारी शेजारी नांदत होत्या, एक सगळ्यांना धरणारी आणि एक काहींना वगळणारी. कोणती पुढे न्यायची हे ठरवणं आपल्या हातात होतं आणि आहे.

वाणाचं रूप मधल्या काळात पार बदललं. घाटे आणि बोरांच्या जागी कुंकवाचे करंडे आले, आरसे-फण्या आल्या, मग स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे. तुळशीबागेत आणि दादरला डझनाच्या भावाने वाण मिळू लागलं. हलवा फिरत्या यंत्रात तयार होऊ लागला, हलव्याचे दागिनेही खोक्यात तयार मिळतात. याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. आज बचतगटातल्या आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायका हे दागिने करून विकतात, परदेशातल्या नातवंडांच्या बोरन्हाणासाठी पाठवतात आणि त्याचे पैसे घेतात. आत्याआजीच्या कसबाला अखेर दाम मिळाला, याचा मला आनंद आहे. त्या मजुरीत घासाघीस करू नये, एवढंच माझं म्हणणं.

वगळण्याची चालही हलू लागली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. ठराव कागदावर झाला तरी तो उंबऱ्याच्या आत आणायचं काम घरच्या बाईचंच आहे. आमच्या घरी आता रथसप्तमीपर्यंतच्या एका संध्याकाळी आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं असतं. कुंकू ज्या लावून घेतात त्यांना लावतो, तिळगूळ आणि वाण सगळ्यांना देतो. नातवाच्या बोरन्हाणाला त्याच्या गळ्यात हार घातला तो त्याच्या विधवा आजीने.

यंदा तुम्ही हलवा करणार असाल तर मूठभर तीळ आणि काही थंड पहाटा हाताशी ठेवा, आणि परातीशी आळीपाळीने घरातल्या सगळ्यांना बसवा, पुरुषांनाही. आणि हळदीकुंकवाच्या बोलावण्याची यादी करताना त्यातून कुणाचं नाव आजवर गाळलं जात होतं ते आठवा, आणि ते सर्वांत आधी लिहा.