प्रतिनिधी कोणाचा?



कोणत्या देशात लोकशाही किती मुरली आहे, याचे गुण देऊन हल्ली दरवर्षी याद्या निघतात. नॉर्वे, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड ही नावे त्यांत वरच्या ओळीत असतात. पण ज्याचा नंबर वरचा, तेथील कारभार खरोखरच साऱ्या लोकांच्या वतीने चालतो काय? हा प्रश्न आपण आज इतिहासाला विचारू. त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या वऱ्हाडापासूनच सुरुवात करू.

वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाचा मुलूख. कारभार मात्र १८५३ पासून इंग्रजांकडे, आणि १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. १९१९ च्या कायद्याने निवडणुका आल्या तेव्हा पेच पडला, कारण वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हता. मग तोड निघाली ती अशी, की वऱ्हाडच्या मतदारांनी माणूस निवडायचा आणि सरकारने त्याची नेमणूक करायची! वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे दिल्लीच्या कायदेमंडळात ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ म्हणून बसले, ते याच रीतीने. मत तरी कोणाला होते? ज्याच्याजवळ जमीनजुमला वा मिळकत, अशा थोड्यांना. शेतमजुराला, गुराख्याला त्यात जागा नव्हती. तरीही १९३० साली याच अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंग पत्करला. गवत कापण्याच्या त्या साध्या कृतीत मत नसलेल्या माणसाचेही गाऱ्हाणे होते. म्हणजे, मंडळी, निवडणुकीचा कागद आणि लोकांचे प्रतिनिधित्व या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही.

आता त्या वरच्या नंबरच्या देशांकडे वळू. स्वित्झर्लंडची लोकशाही जुनी आणि नावाजलेली. पण तेथील स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९७१ साली. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत स्त्रीपुरुष दोघांनाही मत होते. मात्र आपणही फुशारकी मारू नये. अनेक स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगितले, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद रद्द झाली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या. हक्क होता, पण नाव नव्हते.

इंग्लंडचा दाखला अलीकडचा आहे. २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला पडलेल्या मतांपैकी शेकडा ३४ च्या आसपास मते मिळाली, आणि जागा मात्र ६५० पैकी चारशेहून अधिक. मतदान झाले होते शेकडा साठच्या घरात. हिशेब मांडून पाहा, म्हणजे शंभर मतदारांपैकी साधारण वीस जणांनीच त्या पक्षाला मत दिले. यात लबाडी काही नाही. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, असा तेथील नियमच आहे. आपलाही नियम तोच, बरं का!

मग उपाय काय? एक उपाय आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या हातून घडला. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कारभार मुंबईहून न हाकता जिल्ह्यातल्या निवडलेल्या माणसांकडे सोपवावा, असे तिने १९६१ साली सांगितले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे १९९२ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या.

परंतु घर बांधले म्हणजे त्यात माणसे राहतातच असे नाही. २०१७ साली निवडून आलेल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यात इतर अनेक ठिकाणीही तसेच झाले. २०२४ साली लोकसभा निवडली, विधानसभा निवडली. पण गावच्या शाळेचे छप्पर आणि दवाखान्यातले औषध ज्यांना विचारायचे, त्या खुर्च्या तेव्हाही रिकाम्याच होत्या. जगाच्या यादीत ही रिकामी खुर्ची सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. ती आपल्याला दिसते.

म्हणून गुरुजींना एक विनंती. ग्रामसभेला शेकडा पंधरा मतदार किंवा शंभर माणसे, यांत जी संख्या कमी असेल, तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग हजेरीची अट उरत नाही. चार जणांत ठराव होतात ते असे! ही गोष्ट वरच्या वर्गातल्या मुलांना सांगा. पुढच्या ग्रामसभेत किती माणसे आली, त्यांत बाया किती, मजूर किती आणि बोलले कोण, हे त्यांना वहीत टिपायला लावा. आपल्या गावाचा नंबर किती, ते त्या वहीवरून कळेल.