माशांमधील गोनॅडोट्रोपिन-विमोचक संप्रेरके

गोनॅडोट्रोपिन-विमोचक संप्रेरके (संक्षेप: जीएनआरएच) ही पृष्ठवंशी प्राण्यांच्या मेंदूत तयार होणारी, प्रत्येकी दहा अमिनो आम्लांची लघु पेप्टाइड संप्रेरके आहेत. त्यांच्या प्रभावाने पीयूषिका ग्रंथीतून गोनॅडोट्रोपिने स्रवतात आणि अंडी व शुक्राणू परिपक्व होतात. महसीर माशाच्या बीजोत्पादनासाठी ओळखल्या जाणाऱ्या लोणावळ्याजवळील (मावळ तालुका, पुणे जिल्हा) वळवण केंद्राचा या विषयाशी निकटचा संबंध आहे.

रचना आणि उत्क्रांती

सस्तन प्राण्यांतील रूपाची रचना १९७१ मध्ये उलगडली. या कार्यासाठी रॉजे गिमँ व अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सॅमन माशातील रूप १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोहोंत केवळ सातव्या व आठव्या स्थानी फरक आहे: सस्तन रूपात तेथे ल्यूसीन व आर्जिनीन, तर सॅमन रूपात ट्रिप्टोफॅन व ल्यूसीन असते. कोंबडीत प्रथम आढळलेले 'प्रकार २' हे रूप मात्र माशांपासून मानवापर्यंत जसेच्या तसे टिकून आहे.

पृष्ठवंशीयांच्या आरंभकाळात संपूर्ण जीनोमचे दोनदा द्विगुणन झाले. त्यातून या जनुकाच्या प्रती निर्माण झाल्या, असे गुणसूत्रांवरील शेजारी जनुकांच्या तुलनेवरून मानले जाते. पुढे चतुष्पादांनी प्रकार ३ गमावला. झेब्राफिशसारख्या कार्प कुळाशी संबंधित माशांत प्रकार १ नाही आणि त्याचे काम सॅमन रूप, म्हणजेच प्रकार ३, करते. तथापि झेब्राफिशमधील प्रकार ३ चे जनुक निकामी केले तरी मासे प्रजननक्षम राहतात. महसीरमध्ये १००, म्हणजे झेब्राफिशच्या दुप्पट, गुणसूत्रे आहेत.

प्रेरित प्रजनन

कार्प गटातील माशांत डोपामीन हे गोनॅडोट्रोपिनाचा स्राव रोखते. त्यामुळे नदीचा प्रवाह व पावसाळी पूर यांना मुकलेले मासे तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत. भारतात १९५७ मध्ये हीरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांचे प्रजनन घडवले. नंतर सॅमन रूपाचे कृत्रिम प्रतिरूप आणि डोपामीनरोधक डोम्पेरिडोन यांचे मिश्रण प्रचारात आले. हे रूप कार्प माशांचे स्वतःचेही असल्याने ते रोहूपासून मृगळापर्यंत उपयोगी पडते.

वळवण येथील कार्य

वळवण जलाशय टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचा भाग आहे. तेथील केंद्रात १९७० च्या दशकापासून सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी दख्खनी महसीराच्या (टॉर खुद्री) कृत्रिम बीजोत्पादनाची पद्धत विकसित केली. परिपक्व माद्यांचे पोट दाबून अंडी काढणे आणि पीयूषिका अर्काचे प्रयोग हे त्या कार्याचे भाग होते. या जातीचे वर्णन विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले होते.

येथील बोटुकली अनेक राज्यांना पुरवण्यात आली. कावेरी ही तिची मूळ नदी नव्हे. तरीही ती तेथे सोडली गेली आणि भरभराटीस आली. त्याच काळात कावेरीचा स्थानिक कुबडी महसीर (टॉर रेमादेवी) झपाट्याने घटला व आज तो अतिसंकटग्रस्त आहे. या घटीमागे वाळू उपसा, धरणे व सुरुंगाने होणारी मासेमारी हीदेखील कारणे आहेत. परंतु बाहेरून आणलेल्या महसीराशी स्पर्धा हे त्यांतील महत्त्वाचे कारण अभ्यासक मानतात.