माळवद, पत्रा आणि कोंबड्यांचा उन्हाळा

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. सावलीतली हवा तेवढीच तापली की तुऱ्यातून आणि चोचीखालच्या लोंबत्या लाल कातडीतून उष्णता बाहेर पडणे जवळजवळ थांबते. मग पंख अंगापासून दूर धरायचे, चोच उघडायची आणि धापा टाकत घशातला ओलावा हवेत सोडायचा, एवढाच उपाय तिच्या हाती राहतो. गोदावरीकाठच्या नांदेडात मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. बालाघाटाच्या पठारावरचे लातूर थोडे उंचावर असल्याने किंचित सुसह्य, इतकेच. तरीही या दोन्ही जिल्ह्यांत परसातली कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ती टिकली त्यात तिच्या काटकपणाइतकाच माणसांच्या घरबांधणीचा वाटा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

जुने घर माळवदाचे असे. दगडमातीच्या दोन फुटांहून जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. दुपारचे ऊन या थरातून आत झिरपेपर्यंत सूर्य मावळलेला असे. ओसरीच्या कोपऱ्यातले खुराडे किंवा गोठ्यात पालथे घातलेले डालगे त्यामुळे भर दुपारीही बाहेरच्या मानाने गार राही. अर्थात, कोंबड्या जास्त पाळल्या त्या ज्यांना माळवद परवडत नव्हते त्यांनी: दलित वस्त्यांनी, मुसलमान कुटुंबांनी, लमाणांच्या तांड्यांनी, किनवट-माहूरच्या जंगलातल्या गोंड, कोलाम आणि आंध लोकांनी. त्यांची घरे कुडाची, मातीने लिंपलेली आणि गवताने शाकारलेली. पण गवत आणि माती ही दोन्ही ऊन अडवणारीच. कोंबडीचा सारा व्यवहार बायकांच्या हाती असे. अंड्याचे दोन पैसे घरातल्या पुरुषाला न विचारता खर्चता येत. उन्हाळ्यात कोंबडी मेली की हा आधारच तुटे.

दिवसाची रीतही उन्हाला धरून होती. झुंजुमुंजू होताच कोंबड्या सोडायच्या. सकाळच्या गारव्यात त्या उकिरड्यावर आणि खळ्यावर चरून घेत. दुपारी त्या कडुनिंबाखाली, बैलगाडीच्या सावलीत किंवा न्हाणीच्या सांडपाण्याने ओल्या झालेल्या मातीत पोट टेकून बसत. संध्याकाळी मूठभर ज्वारी टाकून त्यांना डालायचे. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि सायंकाळी द्यावे, असे आजचे कुक्कुटपालनाचे शास्त्र सांगते. जुनी रीत नेमकी तीच होती. खुडूक कोंबडी भर वैशाखात बसवणेही टाळलेले बरे असे, कारण उबवायला ठेवण्याआधीच अंडी उष्म्याने खराब होतात. बसवायची अंडी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात जपणे हा त्यावरचा साधा आणि खरोखर उपयोगी उपाय.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सरकारी प्रयत्नांतून पांढरी लेगहॉर्न आणि तांबडी ऱ्होड आयलंड रेड या विलायती जाती खेड्यांकडे वळल्या. पुढे हैदराबादच्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाची वनराजा आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आली. ही सुधारित कोंबडी भरपूर वाढते. पण शरीर जितके भारी, तितकी आतली उष्णता जास्त आणि ती बाहेर टाकणे तितके अवघड. सडपातळ, लांब पायांची गावरान कोंबडी जी दुपार काढते, त्या दुपारी भारी पक्षी आडवा होतो. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून अंड्याचे कवच पातळ पडते. उन्हाळ्यात फुटक्या अंड्यांची तक्रार वाढते ती यामुळेही.

सर्वांत मोठा बदल मात्र घरांनी घडवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि ज्या माळवदांनी उन्हापासून राखले होते, त्यांच्याच दगडमातीखाली लातूर-उस्मानाबाद भागातली सुमारे आठ हजार माणसे गेली. माळवदावरचा विश्वास उडाला, आणि तो उडणे रास्तच होते. आधी पत्र्याचे निवारे उभे राहिले, मग नव्या जागी सिमेंटची गावे. जिथे भूकंप पोचला नाही तिथेही गवताची छपरे हळूहळू जाऊन पत्रे आले. पत्रा आग आणि पाऊस अडवतो. ऊन मात्र तो थेट खाली सोडतो. त्याखाली बांधलेले खुराडे दुपारी बाहेरच्या हवेहूनही तापते.

पाण्याचा प्रश्न त्यात मिसळला. मोठी कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. कडक उन्हात ही गरज दुपटीवर जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसांची घागर भरत नव्हती, अशा वेळी परसातल्या परळात पाणी घालणे सोपे नव्हते.

आज पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात देतात, त्यावर कडबा, तुराट्या किंवा उसाचे पाचट पसरतात, बाजूंना ओले गोणपाट सोडतात. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवतात आणि दिवसातून अनेकदा बदलतात. त्यात क्षार किंवा थोडा गूळ घालतात. मानमोडी रोगाची लस ऊन वाढण्याआधीच, सकाळच्या वेळी टोचून घेणे श्रेयस्कर. धापा टाकून पडलेल्या कोंबडीला सावलीत आणून तिचे पाय गार पाण्यात बुडवतात. ओल्या गोणपाटाचा उपयोग एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चांगला होतो. रोहिणी-मृगाच्या सुमारास हवा दमट झाली की तो उलटतो: ओलावा उडत नाही, धापा टाकूनही गारवा मिळत नाही. म्हणून त्या दिवसांत गोणपाट काढून खुराडे चारी बाजूंनी मोकळे ठेवणे, वारा खेळता राहू देणे हेच जास्त गरजेचे असते.