राखेखालचा निखारा

सर ऑगस्टस डेस्टे हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. 1822 सालच्या डिसेंबर महिन्यात, वयाच्या 28 व्या वर्षी, एका आप्ताच्या अंत्यविधीनंतर त्याची नजर एकाएकी इतकी अधू झाली की आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही काळाने कोणताही उपचार न करता डोळे पूर्ववत झाले. पाच वर्षांनी फ्लॉरेन्स येथे त्याला एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या आणि पायांतील शक्ती गेली. तीही पुष्कळशी परत आली. पुढे मात्र गेलेली शक्ती परत येईनाशी झाली. काठी आली, मग चाकांची खुर्ची आली, आणि 1848 साली त्याचा मृत्यू झाला. त्याने लिहून ठेवलेली रोजनिशी विसाव्या शतकात प्रकाशात आली, तेव्हा त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता हे डॉक्टरांनी ओळखले.

या रोजनिशीत रोगाची दोन रूपे दिसतात. पहिल्या रूपात झटका येतो आणि ओसरतो. दुसऱ्यात झटके दिसोत वा न दिसोत, अपंगत्व हळूहळू वाढत राहते. काही रुग्णांत, साधारणपणे दहातील एकात, रोग सुरुवातीपासूनच दुसऱ्या रूपात असतो. दोन्ही रूपांमागे एकच प्रक्रिया असते काय? या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे, कारण कित्येक वर्षे रुग्णांना औषध द्यावे की नाही हे या उत्तरावर ठरत होते.

आधी रोगाची थोडी ओळख करून घेऊ. विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टन असते, तसे मेंदूतील व मज्जारज्जूतील बहुतेक तंतूंवर मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे वेष्टन असते. त्यामुळे संदेश वेगाने जातात. या रोगात शरीराच्या संरक्षक पेशी मायलिनवरच हल्ला करतात आणि तेथे दाह होतो. एरवी रक्तातील पेशी व पदार्थ मेंदूत सहजासहजी शिरू शकत नाहीत, कारण मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती विशेष घट्ट असतात. दाहाच्या जागी ही भिंत झिरपू लागते. दाह ओसरल्यावर तेथे कठीण चट्टा उरतो.

1868 साली पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात झाँ मार्तँ शार्को यांनी चट्टे आणि लक्षणे यांची सांगड घालून हा रोग स्वतंत्रपणे वर्णिला. त्याआधी पाच वर्षे, 1863 मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ रिंडफ्लायश यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक मार्मिक गोष्ट पाहिली होती. चट्ट्याच्या मध्यभागी एक रक्तवाहिनी असते आणि तिच्या आसपास दाहाच्या खुणा असतात. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना मेंदूच्या ऊतीची इंजेक्शने वारंवार दिली. काही माकडांच्या मेंदूत दाह झाला आणि मायलिन नष्ट झाले. शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटू शकते, या कल्पनेला प्रयोगाचा आधार मिळाला.

जिवंत रुग्णाच्या मेंदूतील चट्टे पाहण्याची सोय मात्र 1981 नंतर एमआरआयमुळे झाली. त्याच दशकात गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून टोचून चित्र घेण्याची पद्धत आली. रक्तवाहिनीची भिंत जेथे झिरपते तेथे हे द्रव्य बाहेर पडते आणि तो भाग चित्रात चकाकतो. ताजा दाह जणू डोळ्यांना दिसू लागला. झटक्यांच्या रुग्णांत अशा चकाकणाऱ्या जागा वारंवार सापडत. पण 1990 च्या सुमारास लंडनच्या संशोधकांना आढळले, की ज्यांचा रोग सुरुवातीपासून सावकाश वाढत जातो त्यांच्यात त्या फारच थोड्या दिसतात. अपंगत्व वाढते आहे, पण चकाकी नाही!

औषधांचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवत होता. 1990 च्या दशकात केंब्रिजमध्ये दुसऱ्या टप्प्यातील काही रुग्णांना संरक्षक पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट करणारे औषध दिले गेले. नवे चट्टे जवळपास थांबले, तरी अनेकांचे अपंगत्व वाढतच राहिले आणि मेंदू आकसत गेला. 2000 साली फ्रान्समधील लियाँ येथील कॉनफाव्रो व सहकाऱ्यांनी 1,844 रुग्णांची माहिती तपासली. अपंगत्व एका पातळीला पोहोचल्यावर पुढची घसरण झटक्यांवर फारशी अवलंबून नसते, असे त्यांना दिसले. यातून एक समज दृढ झाला. सुरुवातीला आग असते. नंतर आग विझते आणि होरपळलेले तंतू आपोआप झिजत जातात. आग विझल्यावर पाणी ओतून काय उपयोग?

हा समज निराधार नव्हता. 1998 साली अमेरिकेत ब्रूस ट्रॅप यांच्या गटाने दाखवले, की दाहाच्या जागी केवळ वेष्टन जात नाही, तर आतले तंतूही तुटतात. तुटलेले तंतू सहसा पुन्हा जुळत नाहीत. परंतु आग खरोखर विझली होती काय?

उत्तर मृत रुग्णांच्या मेंदूंनी दिले. 2004 साली रोममधील संशोधकांना दुसऱ्या टप्प्यातील काही रुग्णांच्या मेंदूवरील आवरणांत बी-पेशींचे पुंजके सापडले. 2005 साली व्हिएन्नात हान्स लासमान यांच्या गटाने दाखवले, की या टप्प्यात दाह मोजक्या चट्ट्यांपुरता राहत नाही. तो मेंदूभर विखुरलेला असतो आणि मेंदूच्या करड्या थरातील मायलिनही नष्ट झालेले असते. 2009 साली याच गटाला आढळले, की जेथे तंतू झिजत होते तेथे दाहही होता. अतिशय वृद्ध व दीर्घकाळ आजारी अशा काही रुग्णांत दाह खरोखरच मावळला होता, आणि त्यांच्यात तंतूंची हानीही समवयस्क निरोगी माणसांइतकीच होती. म्हणजे काहींची आग विझली होती, पण अनेकांच्या राखेखाली निखारा होता.

मग गॅडोलिनियमला तो का दिसला नाही? वेशीवरच्या पहारेकऱ्याला नव्याने आत शिरणारे मोजता येतात, पण पूर्वीच आत येऊन वस्ती केलेले त्याच्या मोजणीत येत नाहीत. गॅडोलिनियमचेही तसेच आहे. ते झिरपणारी भिंत दाखवते. भिंत पुन्हा घट्ट झाल्यावर आत कोंडलेला दाह त्याला दिसत नाही. त्यात मेंदूच्या स्वतःच्या मायक्रोग्लिया पेशींचाही हात असतो, आणि त्यांना तर बाहेरून यावेच लागत नाही.

या दृष्टीने पाहिले तर औषधांच्या कोड्यात टाकणाऱ्या निकालांचा अर्थ लागतो. दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांवर इंटरफेरॉनची चाचणी युरोपात यशस्वी ठरली (1998), तर उत्तर अमेरिकेत अपंगत्व रोखण्यात अयशस्वी (2004). युरोपातील रुग्ण तुलनेने तरुण होते आणि त्यांच्यात झटके अधिक होते. 2009 साली बी-पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब सुरुवातीपासून सावकाश वाढणाऱ्या प्रकारात एकंदरीत निष्फळ ठरले, पण 51 वर्षांखालील आणि चकाकणारे चट्टे असलेल्या रुग्णांत उपयोगी पडलेले दिसले. हा धागा पकडून ओक्रेलिझुमॅबची चाचणी 55 वर्षांपर्यंतच्या 732 रुग्णांवर झाली. अपंगत्व वाढलेल्यांचे प्रमाण औषधाविना 39.3 टक्के आणि औषधासह 32.9 टक्के होते. फरक मोठा नाही, पण या प्रकारासाठी 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे पहिले औषध ठरले.

दरम्यान 2014 साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणाने एक साधी सुधारणा केली. रोगाचा प्रकार कोणताही असो, त्यात आज दाह सक्रिय आहे की नाही हे स्वतंत्रपणे नोंदवायचे. अर्थात ही नोंद झटक्यांवरून आणि एमआरआयवरून होते, म्हणजे वेशीवरच्या मोजणीवरूनच. आतल्या निखाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा एक प्रयत्न 2025 साली प्रसिद्ध झाला. टोलेब्रुटिनिब हे मेंदूत शिरून बी-पेशी आणि मायक्रोग्लिया या दोहोंवर काम करणारे औषध झटके न येणाऱ्या दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांना देण्यात आले. अपंगत्व वाढलेल्यांचे प्रमाण 30.7 टक्क्यांवरून 22.6 टक्क्यांवर आले. मात्र काहींच्या यकृताला इजा झाली. हेच औषध झटके कमी करण्यात जुन्या एका औषधाहून सरस ठरले नव्हते. बाहेरून येणारी आग आणि आतला निखारा यांवर एकच उपाय चालेल असे नाही, एवढे यावरून दिसते.

वर्गात उपकरणांविषयी शिकवताना हा इतिहास सांगता येईल. चकाकी दिसली, तर भिंत झिरपते आहे एवढे कळते. चकाकी दिसली नाही, तर काय कळते? विद्यार्थ्यांना आधी हा प्रश्न विचारावा आणि त्यांनी दिलेली उत्तरे फळ्यावर लिहावीत. 'दाह नाही' असे उत्तर येईलच. कित्येक वर्षे तज्ज्ञांनीही तेच दिले होते, आणि तोवर या प्रकारच्या रुग्णांना सांगण्यासारखे डॉक्टरांपाशी फारसे काही नव्हते.