फ्लिंटचा संप आणि पगारी खबरी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट म्हणजे जनरल मोटर्सचं गाव. घर, दुकान, नगरपालिका, सगळं त्या एका कंपनीच्या पगारावर चाललेलं. जून १९३६ मध्ये मोटार कामगारांच्या युनियनचे उपाध्यक्ष विंडहॅम मॉर्टिमर तिथे संघटना बांधायला पोचले. हॉटेलच्या खोलीत सामान ठेवलं न ठेवलं तोच फोन वाजला. मुकाट्याने परत जा, नाहीतर पेटीत घालून नेतील, असा निरोप. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. पण हा माणूस गावात आलाय, कुठे उतरलाय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी फ्लिंटमध्ये युनियनचे २६ हजार सभासद होते. मॉर्टिमर आले तेव्हा उरले होते १२२, आणि त्यातही कंपनीचे खबरी बसलेले. अगदी कार्यकारिणीपर्यंत.

हे खबरी पुरवणाऱ्या खासगी गुप्तहेर कंपन्या होत्या. त्यातली सर्वात नावाजलेली पिंकर्टन. १८५० च्या सुमारास शिकागोत ती काढणारा ॲलन पिंकर्टन स्वतः स्कॉटलंडमधला पिंपं बनवणारा कारागीर, आणि तरुणपणी तिथल्या कामगारांच्या हक्कांच्या चळवळीतला! पुढे त्याच्याच नावाची कंपनी मालकांची हक्काची झाली. १८९२ मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला संप मोडायला पिंकर्टनची ३०० माणसं बंदुका घेऊन नदीतून आली होती. दोन्हीकडची माणसं मेली. १९३० च्या दशकापर्यंत धंदा जास्त शांतपणे चालू लागला. बंदुकीऐवजी कागद-पेन्सिल.

माणूस गळाला कसा लावायचे बघा. साधा कामगार हेरायचा. कर्जात असलेला, घरात आजारपण असलेला. त्याला सांगायचं, आम्ही विमा कंपनीची माणसं, किंवा भागधारकांची. कारखान्यात काम कसं चालतं याची थोडी माहिती लिहून दे, महिन्याला चार पैसे मिळतील. त्यालाही त्यात गैर वाटायचं नाही. पैसे घेतले की पावतीवर सही. मग हळूहळू प्रश्न बदलायचे: युनियनच्या मीटिंगला कोण आलं, कोण काय बोललं? तोवर सही केलेल्या पावत्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात. नाही म्हणायची सोय उरायची नाही. माझ्या मते या सगळ्यात सर्वात वाईट कोंडी झाली ती या माणसाची. पण त्याच्या कागदावर ज्यांची नावं गेली त्यांची नोकरी गेली, हेही तितकंच खरं.

हे बाहेर आलं ते सिनेटर ला फॉलेट यांच्या चौकशी समितीमुळे. एजन्सीवाल्यांनी फाडून कचऱ्यात टाकलेले कागदसुद्धा समितीच्या लोकांनी जोडून वाचले. १९३४ पासून जुलै १९३६ पर्यंत जनरल मोटर्सने गुप्तहेरांवर जवळपास १० लाख डॉलर खर्च केले होते. त्या काळचे! टोलेडोच्या संपात मध्यस्थीला आलेल्या सरकारच्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यावरसुद्धा पाळत ठेवली होती. युनियन करण्याचा हक्क देणारा कायदा १९३५ मध्येच झाला होता, तरी ही तऱ्हा.

एमआयडीसीतल्या संपांच्या बातम्या करताना मी चहाच्या टपरीवर एक वाक्य नेहमी ऐकतो, ‘नाव नका टाकू साहेब, आपल्यातलेच असतात.’ फ्लिंटमध्येही नुकसान झालं ते याच शंकेनं. शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी बोलायची चोरी झाल्यावर सभासद २६ हजारांवरून १२२ वर येणारच. म्हणून मॉर्टिमर रात्री लोकांच्या घरी जायचे. नवीन सभासदांची नावं फार कुणाला कळू दिली नाहीत.

३० डिसेंबर १९३६ ला कामगार मशीन बंद करून कारखान्यातच बसले. बाहेर पडले असते तर आत दुसरी माणसं भरली असती. महिना झाला तरी कंपनी हलेना. मग युनियनचे बॉब ट्रॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी एक डाव टाकला. त्यांना घ्यायचा होता शेव्हरोलेचा प्लांट नंबर ४, जिथे इंजिनं तयार व्हायची. पण निवडक कार्यकर्त्यांच्या बैठकीत सांगितलं, उद्या प्लांट ९ ताब्यात घ्यायचा. बैठकीत खबरी आहेत हे ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं. खरा बेत मोजक्याच लोकांना माहीत.

१ फेब्रुवारी १९३७. कंपनीचे गार्ड दबा धरून बसले प्लांट ९ मध्ये. तिथे लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला. आतल्यांना श्वास घेता यावा म्हणून लाल टोप्या घातलेल्या बायकांनी, म्हणजे कामगारांच्याच घरच्या, काठ्यांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या. तेवढ्यात प्लांट ४ युनियनच्या ताब्यात गेला.

या डावाचं कौतुक खूप होतं. मला मात्र प्लांट ९ मधली माणसं आठवतात. त्यातल्या बहुतेकांना आपण आमिष आहोत हे माहीतच नव्हतं. खबऱ्यांना फसवायचं तर आपल्या माणसांनाही फसवावं लागलं, आणि डोकी त्यांची फुटली. दुसरा मार्ग होता का? मला दिसत नाही.

गव्हर्नर मर्फी यांनी सैनिक आणले, पण कामगारांवर घातले नाहीत. ११ फेब्रुवारीला, ४४ व्या दिवशी, कंपनीने युनियनशी करार केला. युनियनवर हेरगिरीचं काम आता घेणार नाही, असं पिंकर्टनने त्याच वर्षी जाहीर केलं. कंपनी मात्र बंद पडली नाही. १९९९ मध्ये स्वीडनच्या सेक्युरिटासने ती विकत घेतली, आणि पिंकर्टन हेच नाव लावून तिचा धंदा अजून चालू आहे.